गेलेला कंट्रोलर जातो कुठं?

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या पालीच्या रानातला सौरपंप बंद पडला. विहिरीत पाणी होतं. ऊन तर विचारूच नका. पॅनल भावानं आदल्याच दिवशी धुतलेले. तरी पंप उचलेना. कारण पॅनल आणि मोटर यांच्या मधला कंट्रोलर गेला होता. आणि नेमका तेव्हाच एक एकर कांदा पोसायला लागला होता.

ही पोस्ट आमच्या कांद्याचं रडगाणं नाही. जरा लांब आहे, पण ज्यांच्या रानात सौरपंप आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. आज नाही तर चार-पाच वर्षांनी हा विषय तुमच्या बांधावर येणारच आहे.

आधी कंट्रोलर म्हणजे काय ते सांगतो. पॅनलमधून येणारी वीज डीसी असते आणि ऊन-सावलीप्रमाणं कमी-जास्त होते. ती मोटरीला चालेल अशी करून द्यायची, विहिरीतलं पाणी संपलं तर मोटर बंद करायची, हे सगळं काम खांबाला बांधलेल्या त्या डब्याचं. आत एक पॉवर बोर्ड, एक छोटं कंट्रोल बोर्ड, डिस्प्ले, बऱ्याच मॉडेलात पंखा, आणि कंपनीला पंप लांबून दिसावा म्हणून सिमकार्ड. तीन एचपीच्या पंपाला तीन हजार वॉटचे पॅनल असतात. ते सगळे ठणठणीत असले तरी डबा गेला की पंप गेला.

भावानं तक्रार नोंदवली. नंबर मिळाला. चौथ्या दिवशी कंपनीचा पोरगा आला, डबा उघडून बघितला, म्हणला, "बोर्ड गेलंय, वर पाठवावं लागंल." डबा खताच्या रिकाम्या गोणीत घातला आणि गाडीला बांधून घेऊन गेला.

"कव्हा येईल?"

"कंपनीत जाऊन आला की."

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दुसऱ्या कंपन्यांचे पंप असलेल्यांशीही बोललोय, तिथंही थोड्याफार फरकानं हेच आहे. एका नावावर खापर फोडून विषय संपायला नको.

आता खरी गोष्ट. आमच्या रानाला लागून ओढा आहे, ओढ्यापलीकडं एका अण्णांचं रान. त्यांचाही तीन एचपीचाच पंप, त्याच कंपनीचा, तेच मॉडेल. त्यांची मोटर जळाली म्हणून ती महिनाभर आधीच कंपनीत गेलेली. त्यांचा कंट्रोलर मात्र चांगला, नुसताच खांबाला लटकलेला. गावातला एक पोरगा आहे, आयटीआय झालेला, मोटर वाइंडिंग, स्टार्टर, सगळं करतो. तो भावाला म्हणला, "दादा, अण्णांचा डबा इकडं लावू. दोन तासांत पाणी चालू. तुमचा आला की त्यांचा परत तिकडं." अण्णांनीही सांगितलं, "न्या की. माझा तसाच हाय."

नाही म्हणणारा मी होतो.

मी वॉरंटीचं कार्ड काढून वाचलं. कंपनीच्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणी हात लावला तर वॉरंटी रद्द. डब्याचा नंबर लाभार्थ्याच्या नावावर नोंदलेला. उद्या काही झालं तर अण्णांचाही पंप वॉरंटीबाहेर आणि आमचाही. भाऊ रान बघतो, मी बातम्या बघतो. शिकलेल्या माणसानं कागद वाचून नाही म्हणलं, म्हणून तो गप्प बसला. भाड्यानं डिझेल इंजिन आणून दोन पाणी दिले. त्यापुढं परवडेना. कांदा काढला तेव्हा निम्मा गोल्टीत गेला. ज्यांनी कांदा विकलाय त्यांना या एका शब्दात सगळा हिशेब कळेल.

मी कागदाप्रमाणं बरोबरच वागलो होतो. तरी चुकलो का, हे अजून ठरवता येत नाही. पण एक प्रश्न डोक्यात बसला. ओढ्याच्या एका काठाला चांगली मोटर आणि मेलेला कंट्रोलर, दुसऱ्या काठाला चांगला कंट्रोलर आणि मेलेली मोटर. दोन्ही पंप बंद. यातला एक तरी चालू व्हायला नको होता का?

बाराव्या दिवशी मी बीडला ज्या गोदामातून माल पुढं जातो तिथं गेलो. पत्र्याचं शेड. एका भिंतीला नवे पंप खोक्यात. दुसऱ्या भिंतीला परत आलेल्या डब्यांचा ढीग. काही गोणीत, काही तसेच, प्रत्येकाला चिकटपट्टीनं लावलेली चिठ्ठी. तिथल्या कामगाराला म्हणलं, यात बिघाड काय असतो रे? त्यानं आधी इकडं तिकडं बघितलं आणि ज्यांची झाकणं आधीच सैल होती असे तीन डबे मला दाखवले. पहिल्यात मुंग्यांनी माती भरून पंखा जाम केलेला. दुसऱ्याचा डिस्प्ले मेलेला. तिसऱ्याचं पॉवर बोर्ड एका कोपऱ्यात काळं ठिक्कर, बहुतेक विजेचा झटका.

तो म्हणला, "ह्या तिसऱ्याचा पंखा आन डिस्प्ले काढून पहिल्या दोन्हीला लावला तर दोन डबे उभे राहत्यात. पर आमाला खोलायची परवानगी न्हाई. नुसतं पाठवायची."

तीन बंद डब्यांतून दोन चालू. तेही बीडमध्ये, एका दुपारात. त्याऐवजी तिन्ही डबे शेकडो किलोमीटर जाणार, तिथं रांगेत बसणार, आणि तिकडून काहीतरी येणार. कधी, ते गोदामालाही माहीत नाही.

कंपन्यांच्या भाषेत या परतीच्या प्रवासाला रिव्हर्स लॉजिस्टिक्स म्हणतात. माल कारखान्यातून गिऱ्हाइकाकडं येतो ती सरळ वाट, आणि बिघडलेला, नको असलेला, बदलून दिलेला माल परत जातो ती उलटी वाट. सरळ वाटेला गाड्या, तारखा, फोटो, उद्‌घाटनं, सगळं असतं. उलट्या वाटेला खताची गोणी.

कुणी म्हणेल, हे असले प्रकार परदेशात होत असतील, आपल्याकडं कुठं? आपल्याकडं होतं, आणि कितीतरी वर्षांपासून होतं. घरातली गॅसची टाकी संपली तर तीच टाकी भरून यायची वाट कुणी बघतं का? रिकामी दिली, भरलेली घेतली. ती आधी कुणाच्या घरात होती कुणी विचारत नाही. ती तपासलेली आहे एवढं पुरतं. गावातली डीपी जळाली तर तीच दुरुस्त होऊन यावी असं नसतं. जळालेली जाते, दुसरी दुरुस्त केलेली किंवा नवी येते. जळालेली पुढं दुरुस्त होऊन भलत्याच गावाच्या खांबावर चढते.

आणि सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या लालपरीचं. पत्रकारितेच्या सुरुवातीला मी एसटीच्या बातम्या करायचो, तेव्हा आगारात तासन्‌तास काढलेत. गाडीचं इंजिन किंवा गिअरबॉक्स गेला तर गाडी त्याच इंजिनासाठी महिनाभर उभी ठेवत नाहीत. ते उतरवतात, दुरुस्त करून ठेवलेलं दुसरं चढवतात, गाडी मार्गावर जाते. उतरवलेलं कार्यशाळेत जातं, तिथं खोलून, झिजलेले भाग बदलून, पुन्हा साठ्यात येतं आणि पुढं कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीला लागतं. विभागीय कार्यशाळा आहेत, त्यांच्या वर दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळा. टायरचंही तसंच. घासलेला टायर रिमोल्डिंगला जातो, त्यावर नवा थर चढतो, परत येतो. तेव्हा एका मेकॅनिकनं मला सांगितलेलं वाक्य अजून लक्षात आहे. "इंजिन थांबलं तर चालतंय साहेब, गाडी थांबली न्हाई पायजे."

सौरपंपाच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करून ठेवलंय. कंट्रोलर फिरतोय आणि पंप थांबलाय.

बाहेरच्या जगातही मोठ्या कंपन्या हे फुकटच्या दयेपोटी करत नाहीत, फायदा आहे म्हणून करतात. कॅटरपिलर ही जेसीबीसारखी यंत्रं बनवणारी अमेरिकन कंपनी १९७३ पासून जुनी इंजिनं आणि भाग परत घेऊन, नव्यासारखे करून विकते. त्यांची युक्ती साधी आहे. दुरुस्त केलेला भाग घेताना गिऱ्हाइकाकडून अनामत घ्यायची, आणि जुना भाग परत आणून दिला की ती परत करायची. आपल्या सोड्याच्या बाटलीसारखं. त्यामुळं जुना भाग भंगारात जातच नाही. आयबीएम या संगणकाच्या कंपनीनं तर गिऱ्हाइकांकडून परत आलेली यंत्रं सुटी करून त्यांतले भाग आपल्या दुरुस्ती विभागाला पुरवायची व्यवस्था बसवली. त्यावर २००३ मध्ये अभ्यासकांनी लेखही लिहिला. त्यामागचं कारण आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे. कंपनी एखादं मॉडेल बनवायचं बंद करते, पण ते मॉडेल लोकांकडं पुढं कित्येक वर्षं चालू असतं. तेव्हा त्याचा सुटा भाग आणायचा कुठून? परत आलेल्या जुन्या यंत्रातून.

आता हे आपल्या रानात आणून बघा. केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ ची, राज्याची 'मागेल त्याला सौर कृषीपंप' २०२४ ची. सर्वसाधारण शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के, बाकी सरकारचं. पंपाला पाच वर्षांची दुरुस्तीची हमी. योजना चांगलीच आहे. ज्यांनी रात्री दोन वाजता लाइट आल्यावर बॅटरी घेऊन दारं धरलीत, त्यांना दिवसा पाणी मिळण्याची किंमत कळते. आमच्या घरातही पंप आला त्या दिवशी आईनं नारळ फोडला होता.

पण हिशेब करा. पॅनल वीस-पंचवीस वर्षं टिकतात. हमी पाच वर्षांची. २०२५ ला बसलेला पंप २०३० ला हमीबाहेर जाईल. तोवर ते मॉडेल बंद झालेलं असेल, काही पुरवठादार हा धंदाच सोडून गेलेले असतील. तेव्हा कंट्रोलर गेला तर बोर्ड कुठून आणणार? त्याचा सगळ्यात स्वस्त साठा आज परत जाणाऱ्या डब्यांतच आहे. तो आज भंगारात चेचला, तर २०३० नंतर विहिरीवर पंचवीस वर्षं टिकणारे पॅनल उभे असतील आणि त्यांच्या सावलीला शेळ्या बसतील. पाण्यासाठी पुन्हा डिझेल इंजिन.

दुसरी बाजूही मांडतो, कारण यावर कंपनीच्या एका इंजिनिअरशी फोनवर बराच वेळ बोललो आणि त्याचं म्हणणं टाकाऊ नव्हतं.

एक, विजेचा झटका खाल्लेलं बोर्ड टेबलावर चालतं आणि रानात दुपारच्या उन्हात पूर्ण भार आला की मरतं. कपॅसिटर बाहेरून चांगला दिसतो, आतून थकलेला असतो. म्हणून परत आलेला प्रत्येक भाग सरसकट लावता येत नाही. हे मला पटलं. पंखा, डिस्प्ले, डबा, स्विच, जोडण्या हे तपासून बिनधास्त वापरा. पॉवर बोर्ड वापरायचं तर पूर्ण भारावर काही तास चालवून, कपॅसिटर बदलून. रिमोल्ड टायर मागच्या चाकाला चालतो, पुढच्याला घालायला शहाणा ड्रायव्हर तयार होत नाही. कुठला भाग कुठं चालतो हे कळणारा माणूस तिथं पाहिजे.

दोन, चोरी. आपल्याकडं केबल चोरीला जाते, पॅनल चोरीला जातात. जुन्या भागांचा मोकळा बाजार झाला तर चोरीचा माल त्यातच मिसळेल. हेही खरं. म्हणूनच प्रत्येक भागाचा नंबर लिहून, कुठून निघाला आणि कुठं लागला याची नोंद ठेवूनच हे करावं लागेल. नंबर तर आजही नोंदलेलाच असतो. फक्त तो दुसऱ्या नावावर करायची सोय नाही.

तीन, फसवणूक. दुरुस्त केलेला भाग नवा म्हणून दिला तर? देऊच नये. त्यावर ठळक लिहा, 'दुरुस्त केलेला'. त्याला वेगळी हमी द्या. शेतकऱ्याला खरं सांगितलं तर तो नाही म्हणत नाही. ट्रॅक्टरला जुना पंप, मोटरसायकलला जुनं कार्बोरेटर आपण वर्षानुवर्षं लावत आलोय. फसवणूक झाली की मात्र तो विसरत नाही.

कायद्याचं म्हणाल तर दार अगदीच बंद नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू केलं. त्यात जी चार क्षेत्रं धरली त्यांत मोबाइल, घरगुती उपकरणं आणि गाड्यांसोबत शेतीची अवजारंही आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांतही वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांची वेगळी नोंदणी आहे. म्हणजे जुनी वस्तू पुन्हा उभी करणं हा चोरटा धंदा नाही, हे दिल्लीनं मान्य केलंय. पत्र्याच्या शेडपर्यंत ते पोचलेलं नाही, एवढंच.

म्हणून मागणी साधी ठेवतो. निवेदनाच्या भाषेत नाही, आपल्या भाषेत.

जिल्ह्यात ज्या कंपन्यांचे पंप बसलेत, त्या प्रत्येकीनं बीडमध्ये दुरुस्त केलेल्या कंट्रोलरचा साठा ठेवावा. पोरगा तक्रारीवर येताना एक चालू डबा सोबत घेऊन येईल. बिघडलेला काढेल, चालू लावेल, हमीच्या कार्डावर नवा नंबर लिहून सही करेल, निघून जाईल. मग तो बिघडलेला डबा चंद्रावर जाऊन आला तरी आम्हाला फरक पडत नाही.

परत आलेले डबे जिल्ह्यातच उघडायची परवानगी द्यावी. जे इथं होण्यासारखं आहे ते इथं व्हावं, जे होत नाही तेच वर जावं. आपल्या आयटीआयमधून दरवर्षी पोरं बाहेर पडतात आणि पुण्याच्या बसमध्ये बसतात. त्यांतल्या चार-पाच पोरांना कंपन्यांनी शिकवून कागद द्यावा. आमच्या गावातल्या त्या पोराला हात लावायचा कागद असता, तर मला नाही म्हणावं लागलं नसतं.

आणि पुढच्या निविदांमध्ये एक ओळ टाकावी. पाच वर्षांची हमी संपल्यावरही इतकी वर्षं सुटे भाग मिळतील, नवे नसतील तर परत आलेल्यातून दुरुस्त केलेले. किती वर्षं ते जाणकारांनी ठरवावं, पण ओळ असावी.

आमचा कंट्रोलर सव्विसाव्या दिवशी आला. दुरुस्त होऊन नाही, कोराच. नंबर वेगळा. भावानं विचारलं, आमचा जुना कुठाय? पोरगा म्हणला, "तो काय आता परत येत न्हाई." का, कुठं गेला, त्याचं काय झालं, त्याला माहीत नव्हतं. फोनवरच्या बाईंनाही नव्हतं. त्यात नक्की काय बिघडलं होतं तेही आम्हाला कळलं नाही. कदाचित नुसता पंखाच असेल. एका पंख्यापायी सव्वीस दिवस गेले असतील तर निम्म्या कांद्याची गोल्टी झाल्याचा राग आणखी वाढेल, म्हणून मी फार खोलात विचार करत नाही.

अण्णांची मोटर ही पोस्ट लिहीपर्यंत आलेली नाही. त्यांचा कंट्रोलर अजून खांबावर आहे. परवा बांधावर भेटले तर म्हणले, "तुझ्या कागदानं तुझंबी वाळलं आन माझंबी." हसून म्हणले, पण मला हसता आलं नाही.

आता तुमच्याकडून एक मदत पाहिजे. पाली आणि आसपासच्या ज्या गावांत सौरपंप बंद आहे, त्यांनी मला चार गोष्टी पाठवा. पंप किती एचपीचा, काय बिघडलं, कंट्रोलर किंवा मोटर कोणत्या तारखेला नेली, कोणत्या तारखेला परत आली किंवा आली नाही. कंपनीचं नाव आणि तुमचं नाव मी परवानगीशिवाय कुठं छापणार नाही. सगळ्यांच्या तारखा एका कागदावर आल्या की तो कागद घेऊन मी योग्य त्या टेबलापुढं जाऊन बसेन. एकट्याच्या कांद्याला कुणी विचारत नाही, पण शंभर विहिरींच्या तारखा पुढं ठेवल्या की उत्तर द्यावं लागतं, हा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.